शलमोनाच्या मंदिराची फक्की मारताना पडलेले प्रश्न

साइटवरचा_माणूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चमध्ये दर मे महिन्यात मुलांचं शिबिर असतं. यंदा 'मंदिर' हा विषय माझ्या गळ्यात पडला. कारण काय, तर मी सिव्हिलवाला. चित्रं चिकटवून तीन दिवस ढकलता आले असते, पण डोक्यात किडा वळवळला. इस्राएलच्या शलमोन राजाने यरुशलेमात बांधलेल्या मंदिराची मापं बायबलात, १ राजे या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात, दिलेलीच आहेत, तर कंपाउंडात खऱ्या मापाची चुन्याची फक्की मारू आणि मुलांना त्यातून फिरवू. आठवडाभर टेप, सुतळी आणि खुंट्या घेऊन बसलोय. त्यातून जे सुचलं ते इथे टाकतो.

पहिला धक्का मापाचाच. लांबी ६० हात, रुंदी २० हात, उंची ३० हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. झाले २७ मीटर बाय ९ मीटर. मी दोनदा मोजलं. लहानपणापासून डोळ्यांसमोर काहीतरी डोंगराएवढं होतं, आणि सुतळी ताणली तर आमच्या गावातलं मंगल कार्यालय याच्या दुप्पट निघेल! भिंतींची जाडी आणि बाजूच्या कोठड्या धरल्या तरी डोंगराएवढं काही होत नाही.

ते माणसं बसवायला बांधलेलंच नव्हतं. लोक अंगणात, आत फक्त याजक. पुढे १० हात खोलीची देवडी, मग ४० हातांचं पवित्रस्थान, शेवटी परमपवित्रस्थान: २० लांब, २० रुंद, २० उंच. बाहेरून इमारत ३० हात उंच आणि आतली खोली २० हात. वरचे (की खालचे?) १० हात कुठे गेले ते मजकूर सांगत नाही. आमच्या ऑफिसात असं ड्रॉइंग आलं असतं तर शेरा मारून परत गेलं असतं.

आता मला सगळ्यात आवडलेली जागा. मंदिराच्या बाजूंना तीन मजली कोठड्या होत्या. खालची कोठडी ५ हात रुंद, मधली ६, वरची ७. वर जाताना खोली मोठी का होते? कारण मंदिराची भिंत बाहेरच्या अंगाने दर मजल्याला हातभर आत घेतली आहे, आणि त्या टप्प्यावर तुळया नुसत्या टेकवल्या आहेत. भिंतीत भोक पाडून तुळई खुपसायची नाही, हे ६व्या वचनात स्वच्छ लिहिलंय. मी १९ वर्षं साइटवर आहे. प्लंबर येतो, भिंत फोडतो. एसीवाला येतो, भिंत फोडतो. हे वचन ज्याने लिहिलं त्याने साइट पाहिलेली होती, पैजेवर सांगतो. आणि मनात आलं की चर्चच्या मंडळीच्या आधाराने आपण जे जे उभं करतो, ट्रस्ट, कमिट्या, शाळा, त्यातल्या किती तुळया नुसत्या टेकलेल्या आहेत आणि किती भिंतीत घुसल्या आहेत?

लगेच पुढचं, ७वं वचन. दगड खाणीवरच पुरते घडवून आणले, त्यामुळे मंदिर बांधताना हातोडा, कुऱ्हाड, कुठल्याच लोखंडी हत्याराचा आवाज झाला नाही. कोकणात जांभ्याचा चिरा खाणीवरून तासून येतो, तरी गवंडी तो बसवताना दोन टवके उडवतोच. इथे तेवढीही मुभा नाही. म्हणजे खाणीवरच्या माणसाला शेजारचा दगड डोळ्यांनी न बघता आपला दगड घडवायचाय. मला हा धडा फार भिडला: ठोकाठोकी व्हायचीच आहे, पण ती घरी, कामावर, सोमवार ते शनिवार. उपासनेला येताना माणूस बसवण्याजोगा होऊन यावा.

आणि सोनं. परमपवित्रस्थान आतून सगळं सोन्याने मढवलेलं. पण परमेश्वराने दाट अंधारात राहण्याचं ठरवलंय असं शलमोनच ८व्या अध्यायात म्हणतो. त्या अंधारात जाणार कोण? महायाजक, वर्षातून एक दिवस, तोही धुपाच्या धुरात. अख्ख्या कामातला सर्वांत महाग भाग कुणी बघण्यासाठी नव्हताच. आमच्याकडे ग्रॅनाइट दर्शनी भिंतीला, त्यावर देणगीदारांची नावं, आणि मागच्या भिंतीला सात वर्षं प्लास्टर नाही.

अजून एक खटकलेली गोष्ट. मंदिराला ७ वर्षं लागली आणि राजाच्या स्वतःच्या घराला १३. हे ६व्या अध्यायाच्या शेवटी आणि ७व्याच्या सुरुवातीला लागोपाठ सांगितलंय. लिहिणाऱ्याने मुद्दाम लावलंय की ओघात आलंय?

तुम्हाला काय वाटतं ते सांगा. शिबिराला दहा दिवस आहेत.

वसईचा_वारा

मस्त धागा. एक गंमत. माझी आजी मिस्साला निघाली की 'देवळात जाते' म्हणायची. वसईत जुन्या माणसांच्या तोंडी तेच होतं. पुढे शिकलेल्या पिढीने 'चर्च' सुरू केलं. मराठी बायबलातही शब्द 'मंदिर'च आहे, म्हणून तुमची मुलं चित्र काढताना वर कळस आणि भगवा नाही तरी कुठलातरी झेंडा काढणार. हसू नका, मीही काढला होता.

डाळिंब_४००

दादा, लेख चांगला आहे पण गाभा राहिला. मंदिरातली एकेक वस्तू ख्रिस्ताचं चित्र आहे. गंधसरूचं लाकूड म्हणजे मानवी स्वभाव, वरचं सोनं म्हणजे देवत्व. दीपवृक्ष म्हणजे जगाचा प्रकाश, समर्पित भाकरी म्हणजे जीवनाची भाकर. दारातले दोन पितळी खांब, याखीन आणि बवाज, त्यांच्या नावांतच 'तो स्थापन करील' आणि 'त्याच्यात सामर्थ्य' हा अर्थ आहे. कळसांवरच्या जाळीला ४०० डाळिंबं होती, त्यांचाही अर्थ आहे. मुलांना हे द्या, भिंतीच्या टप्प्यांचं काय करायचंय त्यांना?

साइटवरचा_माणूस

@डाळिंब_४००, दीपवृक्ष आणि भाकरीपर्यंत तुमच्याबरोबर आहे, योहानाच्या शुभवर्तमानात ती वाट आहेच. पण ४०० डाळिंबांना ४०० अर्थ लावायला लागलो की डाळिंब दिसेनासं होतं. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा ९वा अध्याय काढून बघा. लेखक दीपवृक्ष, मेज, भाकरी, कोश (म्हणजे कराराची पेटी) अशी यादी करत करूबांपर्यंत, म्हणजे त्या पेटीवरच्या पंखवाल्या आकृत्यांपर्यंत येतो आणि म्हणतो, याविषयी आता एकेक सांगत बसणं शक्य नाही. त्यालाच आटोपतं घ्यावंसं वाटलं, तर आपण कशाला ताणायचं?

भिंतीच्या टप्प्यांचं काय करायचं? मुलं ते थर्माकोलचं करून बघणार आहेत. पुठ्ठ्याची तुळई टेकवली तर राहते का, आणि खुपसली तर थर्माकोल कसा भुगा होतो.

पाषाणखूण

मी ख्रिस्ती नाही, पुरातत्त्वाचा नाद आहे म्हणून डोकावलो. दोन-तीन गोष्टी जोडतो.

शलमोनाच्या मंदिराचा असा एकही दगड आज दाखवता येत नाही. यरुशलेमच्या ज्या टेकडीवर ते होतं असं मानतात तिथे उत्खनन होऊ शकत नाही. पण आराखडा ओळखीचा आहे. देवडी, लांब दालन, आतलं गाभ्याचं दालन, तिन्ही एका रेषेत, अशी देवळं सीरिया-तुर्कस्तानच्या पट्ट्यात सापडली आहेत. तेल तायिनात इथलं एक. दुसरं अफरीनजवळचं ऐन दारा. ऐन दाराला बाजूने कोठड्यांसारखा पडवीचा फेराही होता. म्हणजे सोर नगरीचा राजा हीराम याचे कारागीर आले ते त्यांच्या हाताला वळण असलेलंच काम घेऊन. आराखडा आकाशातून पडला नाही.

ऐन दाराची खरी नवलाई उंबऱ्यांवर आहे. दगडात पावलं कोरली आहेत, सुमारे एक मीटर लांबीची. पहिल्या फरशीवर दोन्ही पावलं जोडीने, देव दारात उभा राहिल्यासारखी. पुढे एकटं डावं. मग आतल्या दालनाच्या उंबऱ्यावर उजवं. टांग केवढी असेल बघा! आत जाणारी पावलं आहेत, बाहेर येणारी नाहीत. पादुका पाहत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. जानेवारी २०१८ मध्ये हवाई हल्ल्यात त्या देवळाची मोठी मोडतोड झाली.

यरुशलेमच्या मंदिरात मात्र देवाचं पाऊल नाही, मूर्ती नाही. आराखडा शेजाऱ्यांचा आणि गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी करूबांच्या पंखांखाली एक पेटी. मला धडा वगैरे सांगायचा अधिकार नाही, पण वेगळेपण कुठे आहे ते इथे आहे.

वसईचा_वारा

'आत जाणारी आहेत, बाहेर येणारी नाहीत' वाचून काटा आला. वाचनखूण साठवली.

शुभमंगल_सावधान

बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकात परमपवित्रस्थानापुढच्या पडद्याला अंतरपट म्हटलंय ना? माझ्या मनात कायम लग्नातला अंतरपाट येतो. दोन माणसं धरून उभी, मंगलाष्टकं चाललेली, दोन्हीकडची मान उंचावलेली. अंतरपाट धरतात तोच मुळी काढण्यासाठी. येशू वधस्तंभावर मेला तेव्हा मंदिरातला पडदा फाटला हे पाळकांच्या तोंडून नेहमी शिक्षा झाल्यासारखं ऐकलं. मला तो मुहूर्त आल्यासारखा वाटतो.

रोह्याचा_नातू

हळूच एक पाट मागून घेतो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोळ रोह्याचं, आता मुंबईत. ज्या मंदिरावर तुम्ही बोलताय ते पडल्याचा दिवस आमच्याकडे अजून पाळतात. अव महिन्याच्या नवमीला. जुन्या कोकणी घरांत त्याला बिरड्याचा सण म्हणायचे, वालाच्या बिरड्यावरून. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी यरुशलेमात पडलेल्या मंदिराचं दुःख आणि वालाचं बिरडं! माझ्या आजीला यात काही विचित्र वाटायचं नाही.

आमच्या प्रार्थनास्थळाला जुने लोक मशीद म्हणायचे. मुंबईतलं १७९६चं पहिलं सिनेगॉग ती 'जुनी मशीद', आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आमच्यात सांगतात. पुण्यातल्या १८६७च्या सिनेगॉगला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. तेव्हा चर्चला देऊळ म्हणणाऱ्या वसईच्या आजीची आणि आमची चांगली जमली असती.

मुद्दा असा. ख्रिस्ती मित्रांकडून नेहमी ऐकतो की मंदिर म्हणजे अंतर, बंदी, पडदा, आणि मग तुम्ही येऊन ते सगळं दूर केलंत. स्तोत्रं वाचा हो जरा. ८४व्यात चिमणीला सुद्धा वेदीपाशी घर सापडलंय आणि माणूस तिचा हेवा करतोय. अंगणात उभं राहणाऱ्याला ते अंगण तुरुंग वाटत नव्हतं. आमच्याकडे आजही तोरा या धर्मग्रंथाच्या कपाटापुढे पडदा असतो. तो उघडतात तेव्हा सगळे उभे राहतात. पडदा आहे म्हणून उघडण्याला किंमत आहे.

शुभमंगल_सावधान

@रोह्याचा_नातू, शेवटच्या वाक्याला हात जोडले. माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आता तो पूर्वीसारखा सोपा राहिला नाही.

वेठीची_नात

धागाकर्ते दादा, राग मानू नका. तुमचा ७व्या वचनावरचा परिच्छेद मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा अडले.

साइटवर आवाज नव्हता. खाणीवर? त्याच पुस्तकाचा ५वा अध्याय, ६व्याच्या अगदी आधीचा. शलमोनाने इस्राएलातून ३०,००० माणसं वेठीला धरली. १०,००० एका महिन्याला लबानोनात, मग दोन महिने घरी, अशी पाळी. वर ७०,००० ओझी वाहणारे आणि ८०,००० डोंगरात दगड फोडणारे. लबानोनच्या रानात आणि त्या डोंगरात आवाजच आवाज असणार. मंदिरापाशी शांतता होती कारण आवाज दुसऱ्यांच्या वाट्याला दिला होता.

आमच्या घराण्यात महारकी होती. गावची वेठ म्हणजे काय हे पणजोबांनी आजोबांना सांगितलं, आजोबांनी मला. पाटलाचा सांगावा आला की हातातली भाकरी ठेवून निघायचं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये ठाणं मांडलं, पुढे त्या भागातली आमच्यासारखी हजारो घरं ख्रिस्ती झाली, ती का झाली त्यात हेही एक कारण आहे. म्हणून 'वेठ' हा शब्द मराठी बायबलात दिसला की मी पुढे सरकू शकत नाही.

आणि ती वेठ देवाच्या घरासाठी होती म्हणून गोड झाली नाही. १ राजे १२ वाचा. शलमोन गेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे आले, बापाने लादलेलं जू हलकं कर म्हणाले. त्याने उलट उत्तर दिलं. दहा वंश फुटले. वेठीवरचा अधिकारी अदोराम याला त्याने त्यांच्याकडे पाठवलं तर लोकांनी त्याला दगडमार करून ठार केलं. दगड फोडायला लावलेल्या लोकांच्या हाती शेवटी दगडच होते.

तुम्ही म्हणता माणूस बसवण्याजोगा होऊन यावा. आम्हाला घडवून घ्या म्हणून शेकडो वर्षं सांगितलं गेलंय. छिन्नी कुणाच्या हातात आहे तेही विचारा.

अजून एक, हेरोदाच्या मंदिराबद्दल, म्हणजे शलमोनाचं मंदिर पडल्यावर त्याच जागी उभं राहिलेलं आणि पुढे हेरोद राजाने वाढवलेलं ते. परराष्ट्रीयांचं अंगण संपतं तिथे कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत पाटी: परक्याने पुढे येऊ नये, सापडला तर मरणाला तोच जबाबदार. ती पाटी १८७१ मध्ये खरोखर सापडली, आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्रफिम नावाच्या इफिसकराला प्रेषित पौलाने आत नेलं असं समजून पौलावर जमाव धावून गेला तो याच कठड्याच्या कारणावरून. आणि इफिसकरांनाच लिहिलेल्या पत्रात मधली आडभिंत पाडल्याचं वाक्य आहे. काळाराम मंदिराच्या दारातला १९३० सालचा सत्याग्रह माहीत असणाऱ्याला हे पत्र समजवायला टीकाग्रंथ लागत नाही. चोखोबांची समाधी पायरीपाशी का आहे हे माहीत असणाऱ्यालाही नाही.

आणि आता आतलं बोलते. माझ्या आईच्या लहानपणी एका चर्चमध्ये (नाव घेत नाही) प्रभूभोजनाचा प्याला आधी कुणाच्या ओठाला लागणार हे ठरलेलं होतं. पाटी नव्हती. पाटीची गरजच नव्हती.

डाळिंब_४००

ताई, हे मी कधी असं जोडून वाचलं नव्हतं. ५वा अध्याय आपण प्रवचनात नेहमी हीरामाची मैत्री सांगून पुढे जातो.

पाषाणखूण

@वेठीची_नात, दंडवत. एक छोटी भर. चर्चची इमारत मुळात मंदिराच्या आराखड्यावरून आलेली नाही. चौथ्या शतकात मोठी चर्चं बांधायला लागले तेव्हा नमुना घेतला तो बॅसिलिकाचा, म्हणजे रोमन लोकांच्या कचेरी-कम-बाजारहॉलचा. माणसं आत घेणारी इमारत हवी होती. त्याआधी तर घरंच. फरातच्या काठी दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं, सभेसाठी बदललेलं. बदल काय, तर दोन खोल्यांमधली भिंत काढून एक मोठी खोली केली. तुमच्या आडभिंतीच्या शेजारी ठेवायला बरं उदाहरण आहे.

गुडघे_६२

मी पवित्र भूमीच्या सहलीला जाऊन आलो. धर्मशास्त्र मला नाही येत, गुडघ्याचं सांगतो. मंदिराच्या दक्षिण बाजूला हेरोदाच्या काळातल्या पायऱ्या आहेत, १९६७ नंतरच्या खोदकामात निघालेल्या. एक पायरी अरुंद, पुढची रुंद, परत अरुंद. पाय बसतच नाही. आपण सवयीने धडाधड चढायला जातो आणि तिसऱ्या पायरीला तोल जातो. गाइड म्हणाला, मुद्दाम तसं केलंय, देवाच्या घरी कुणी पळत येऊ नये. खरं-खोटं तो जाणे. आमच्या ग्रुपमधला एक धट्टाकट्टा तरुण व्हिडिओ काढत चढत होता तो घसरला, आणि मी काठी टेकत सगळ्यांच्या आधी वर. साठ वर्षांत पहिल्यांदा पहिला आलो.

वसईचा_वारा

काका 😀 शिबिरात हे आलंच पाहिजे.

साइटवरचा_माणूस

उशीर झाला, शिबिर आटोपूनच आलोय.

@वेठीची_नात ताई, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. मी १९ वर्षं साइटवर आहे म्हणून फुशारकी मारली, आणि साइटवर रोज बघतो तीच गोष्ट वाचताना सुटली. आमच्याकडे फरशी तासून येते तिथल्या कारखान्यात पांढऱ्या धुळीत उभी असलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. बिलावर सही करून आलोय. ७व्या वचनाचा माझा 'धडा' मी मुलांना सांगितला नाही. ५वा अध्याय वाचून घेतला आणि त्यांनाच विचारलं, आवाज कुठे गेला? एक मुलगा म्हणाला, 'डोंगरात.' तेवढं पुरलं.

फक्की मारली. २७ बाय ९. पाण्याच्या टाकीमुळे दक्षिणेच्या कोठड्या कापाव्या लागल्या. गंगाळसागर (मंदिरापुढचा ओतीव पितळी हौद) म्हणून लग्नाच्या पंक्तीतलं मोठं पातेलं ठेवलं, त्यात दुपारी कुणीतरी पाय बुडवून बसलं होतं. काकांच्या पायऱ्या विटा मांडून केल्या, एक अरुंद एक रुंद, आणि खरंच कुणाला पळता आलं नाही. थर्माकोलची भिंत टिकली, खुपसलेली तुळई भिंतीसकट आडवी झाली.

पडद्याला जुनी चादर बांधली होती. दोघं जण धरून उभे होते, शुभमंगल यांचा अंतरपाट मला तेव्हा आठवला. एक सात वर्षांची मुलगी अंगणाच्या रेषेवर उभी राहून विचारते, 'काका, मी नेमकं कुठपर्यंत यायचं?' मी उत्तर द्यायच्या आधी धरणाऱ्यांपैकी एकाचा हात दुखला म्हणून त्याने चादर सोडली आणि सगळी पोरं आत.

त्या दिवशी पाऊस आला नाही, त्यामुळे रेषा राहिल्या. रविवारी उपासनेला आलो तर कंपाउंडात नेहमीसारख्या गाड्या लागलेल्या. देवडीत एक रिक्षा, पवित्रस्थानात चार स्कूटर. परमपवित्रस्थान रिकामं होतं. पाळकसाहेब म्हणाले, तिथे गाडी लावायला कुणाचा हात धजेना. मग पाचेक मिनिटांनी उशिरा येणारे आमचे खजिनदार आले आणि त्यांनी तिथे लावली.